बारा कोटी चौतीस लाख

मी भिंतीवर खडूनं एक ते नऊ लिहिले होते,
मध्ये जागा न सोडता,
टांडापेठेतल्या खोलीत, मागाच्या खड्ड्याशेजारी.
बाबांचा पाय पावडीवर थांबला.
बारा कोटी, चौतीस लाख, छप्पन्न हजार,
सातशे एकोणनव्वद,
त्यांनी वाचलं.
माझी ती उजळणी होती. त्यांनी तिची एकच संख्या केली.

अंकांची बेरीज पंचेचाळीस, म्हणजे नवानं जाणार.
सातवी नापास अंताराम परात्याला एवढं ठाऊक होतं,
लुगड्याचे नऊ वार बोटांतच असतात.
नऊ काढले. उरलं
एक कोटी सदतीस लाख सतरा हजार चारशे एकवीस.
"याले फोडतो आता," म्हणाले,
शेंगा फोडायला बसावं तसं.

सात: बाकी चार.
अकरा: बाकी तीन. तेरा: तीनच.
सतरा: दोन.
बाकी घटत चालली म्हणून ते खुशीत आले.
एकोणीस: बाकी दहा.

दिवाळी नुकतीच सरली होती.
सुताच्या बंडलांवरचे निळे कागद उलटे करून
रोज तीन भागाकार, हात भरून आला तर दोन.
पंधराला विचारायचं नाही,
तीन आणि पाच आधीच नाही म्हणाले आहेत.
विचारायचं ते फक्त मूळ संख्यांना,
ज्या स्वतःच कुणाच्यानं फुटत नाहीत.
आई म्हणाली, "याच्यात काय भेटते तुमाले?"
"बाकी भेटते वं."
आई हसली नाही. दुकानाची बाकी वेगळ्या वहीत होती.

संक्रांत गेली, होळी गेली,
कूलरमध्ये नवा वाळा भरून झाला.
पाचशे तीन जणांनी नाही म्हटलं.
नवतप्यातल्या एका रात्री,
भिंतीला पाठ टेकवत नव्हती तेव्हा,
तीन हजार सहाशे सात.
बाकीच्या जागी शून्य.
त्याभोवती त्यांनी गोल काढला नाही. ते गोलच होतं.
दुसऱ्या बाजूला निघाले तीन हजार आठशे तीन.
त्यांना तपासावं लागलं नाही,
त्यांना फोडू शकलं असतं ते सगळं
हिवाळ्यातच येऊन गेलं होतं.

पुढचं लुगडं त्यांनी तीन हजार सहाशे सात ताण्यांचं लावलं.
इतवारीच्या सारडा शेठना सहा सारखे पट्टे हवे होते.
सहाशे एक, सहाशे एक, असे सहा,
आणि काठाशी एक धागा.
"हा उरला रे, अंताराम."
"उरनारच, शेठ. कितीही पट्टे पाडा."
शेठनं पाच रुपये कापले.

अकरा वर्षांनी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला,
वझलवार मॅडम म्हणाल्या, टोकापासून शिरू नका,
वर्गमुळाजवळ उभे राहा आणि वर सरका.
मी वहीत तीच संख्या घेतली.
तीन हजार सातशे चारचा वर्ग. त्यातून ती वजा. जमत नाही.
तीन हजार सातशे पाचचा. उरतात नऊ हजार सहाशे चार,
म्हणजे अठ्ठ्याण्णवचा वर्ग.
अठ्ठ्याण्णव इकडे, अठ्ठ्याण्णव तिकडे.
दोन ओळी.
दिवाळी ते नवतपा, दोन ओळींत.
पुढचा तास मी ऐकला नाही.

सायकल भिंतीला लावून तशीच आत गेले, सांगितलं.
त्यांनी बोटानं कापडावर करून पाहिलं.
"दोनच?"
"दोनच."
धोटा हातात घेऊन बसले जरा वेळ.
"पन हा तं काठापासून काठापर्यंतच जाते, पोरी.
मधातून कसा फेकू?"

मग निळा कागद ओढला
आणि उलटं लिहिलं, नऊ ते एक.
अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख, चोपन्न हजार,
तीनशे एकवीस. नऊ काढले.
ही मी येताना रस्त्यातच फोडली होती,
हिच्यात सतरा दोनदा बसलेत.
मी चहा ठेवायला उठले.
"सात," मागून आवाज आला,
आणि थोड्या वेळानं,
"बाकी पाच."